हारू किमोतो चुडाव्यात मेला

वाचकहो, एक विचारते. 'लाल फड'चे पाचही भाग तुम्ही वाचलेत. तुमच्या पोरांनी ते अंथरुणात घेऊन वाचलेत, त्यातल्या मारामाऱ्या कॉलेजच्या कट्ट्यावर करून दाखवल्यात. मग ज्या जपानी लेखकाचं नाव त्या पुस्तकांवर मोठ्या अक्षरात छापलंय, त्या हारू किमोतोचा एक तरी फोटो तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का?

नाही ना? मी त्याला पाहिलंय. फोटोत नाही, समोर. त्याच्या डाव्या भुवईवर उसाच्या दांड्याचा व्रण होता. पोह्यांवर शेव नसली तर तो बशी परत सरकवायचा. आणि पंधरवड्यापूर्वी त्याच्या गावच्या, चुडाव्याच्या स्मशानात मी त्याला जळताना पाहिलं.

आता पुढचं तुमच्याशी बोलत नाही. त्याच्याशी बोलते. तुम्ही ऐका.

गौतम, मला रडू येत नाही, राग येतो. तू तुझ्या नायकाच्या, काशिरोच्या हातून किती माणसं मारलीस याचा हिशेब तुलाही लागत नव्हता. कुणाचा गळा पाचटानं कापलास, कुणाला उकळत्या काकवीत बुडवलंस, एका सरदाराला तर त्याच्याच घोड्याच्या रिकिबीला बांधून अख्ख्या शिवारातून फरफटवलंस. पण तुझा एक नियम होता. मरणाऱ्याला मरण्याआधी एक वार करू द्यायचा. 'फुकट कोणी मरू नये,' असं म्हणायचास. आणि तू? भर दुपारी लाइट आली म्हणून चुलत्याच्या मळ्यातली मोटर चालू करायला गेलास. ओले पाय, उघडी वायर, स्टार्टरचा लोखंडी डबा. तुला एक वार करता आला नाही. एक शिवी देता आली नाही. चुलता सांगत होता, "आवाज बी केला न्हाई गं बाई त्यानं." तुझ्या फालतूतल्या फालतू शिपायालाही तू इतकं फुकट मारलं नसतंस.

पण त्या मरणाबद्दल मी लिहायला बसले नाही. त्याच्यानंतर तुला दुसऱ्यांदा मारायचं चाललंय, त्याबद्दल बसलेय.

पुण्यानुमोदनाला, तुझ्या शोकसभेला, दारात मांडव घातला होता. मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स. तुझा तो ओळखपत्रावरचा, घाबरल्यासारखा फोटो मोठा करून लावलेला, आणि खाली लिहिलेलं: 'प्रसिद्ध अनुवादक कालकथित गौतम काशिनाथ खंदारे'. 'अनुवादक' वाचलं आणि माझे दात एकमेकांवर घासले. वंदना झाली. मग परभणीहून आलेले एक प्राध्यापक उठले. माणूस वाईट नव्हता. एवढ्या उन्हात मोटारसायकलवर आला होता, तुझी पाचही पुस्तकं पिशवीत घेऊन. ते म्हणाले, "जपानची रक्तरंजित सामुराई परंपरा गौतमनं आपल्या मराठवाड्याच्या मातीत आणली. थोर लेखकाच्या सावलीत निमूट उभं राहणं, हीच अनुवादकाची थोरवी. आज तिकडं जपानात हारू किमोतो यांचेही डोळे पाणावले असतील."

माझ्या शेजारी तुझी माय बसली होती. तिनं माझी ओढणी ओढली.

"उज्वला, हे सर कोणाचं नाव घ्यायलेत?"

"लेखकाचं, माय."

"कोण्या लेखकाचं?"

"पुस्तकावर आहे ते."

"पुस्तकावर गौत्याचं न्हाई?"

"आहे. खाली, बारीक अक्षरात. भाषांतर केलं म्हणून."

"म्हंजे काय करतेत त्यात?"

"म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं यानं आपल्या भाषेत आणलं."

तू मायला प्रत्येक भाग वाचून दाखवायचास. ओळ अन् ओळ तिला ठाऊक होती. फक्त पुस्तकाचं वरचं पान तू कधी वाचून दाखवलं नव्हतंस. ती गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली आणि भर मांडवात, प्राध्यापकांचं वाक्य मधेच तोडून, म्हणाली:

"सर, माझा नवरा ज्या ट्रॉलीखाली मेला, ती बी जपानची होती का?"

मांडवात कुणाला काही कळेना. प्राध्यापक माझ्याकडं बघायला लागले. एका बाईनं मायचा खांदा धरून तिला खाली बसवलं. "दुःखानं झालंय," असं कुणीतरी म्हणालं. दुःखानं नव्हतं झालं, गौतम. त्या मांडवात शुद्धीवर असलेली तेवढी एकच होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तू ऐकून घे. तुझे आई-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे. तू लहान होतास, कोपीच्या दारात, म्हणजे पाचटाच्या त्या झोपडीच्या तोंडाशी बसून भाकरी खात होतास. समोर उसानं भरलेली ट्रॉली कलली आणि तुझा बाप मोळ्यांखाली गेला. लोकांनी मोळ्या उपसल्या तेव्हा तू हातातली भाकरी टाकली नव्हतीस. हे तूच मला सांगितलं होतंस. "खायलाच लागलो होतो मी. थांबलोच न्हाई." 'लाल फड'चा पहिला भाग तिथूनच सुरू होतो. ऊसतोड्या काशिरो ट्रॉलीखाली चिरडला जातो आणि दुसऱ्याच दुनियेत डोळे उघडतो. तिथं ऊस लोखंडाचा असतो, आणि तो तोडणाऱ्यांच्या पाठीवर सरदारांचे चाबूक असतात. काशिनाथचा काशिरो. बापाला मरू द्यायचं नव्हतं तुला. म्हणून एक अख्खी दुनिया रचलीस, त्याच्या हातात कोयता दिलास आणि म्हणालास, आता काप.

या कादंबरीवर एका मोठ्या पेपरात काय छापून आलं होतं ते आठवतंय? 'मूळ जपानी कादंबरीत नायक बहुधा ट्रकखाली सापडतो. अनुवादकाने कल्पकतेने तिथे उसाची ट्रॉली आणून कथेला मराठी मातीचा गंध दिला आहे.' तू तो कागद घेऊन परभणीला माझ्याकडं आला होतास. हसता हसता पोट धरून खाली बसलास. "मातीचा गंध गं! बापाच्या तोंडात गेलेली माती ती!" मग हसणं थांबलं आणि तू मोरीत जाऊन उलटी केलीस.

आपली ओळख झाली कॉलेजच्या गेटवर. मी पत्रकं वाटत होते. मला दुसरं काय येणार? माझ्या बापाच्या सायकलच्या कॅरिअरवर कायम पत्रकांचा गठ्ठा. मला अक्षरओळख झाली तीच 'निषेध', 'मोर्चा', 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. तू एक पत्रक घेतलंस, उलटून पाहिलंस आणि म्हणालास, "अजून धा दे." मी खूश झाले. "आवडलं?" म्हटलं. "मागून कोरी हायत," म्हणालास. त्या कोऱ्या पाठीवर तू लोखंडी उसाच्या राज्याचा नकाशा काढलास. तेव्हापासून मी तुझी पत्रकबाई.

जपानात तरुण पोरं झपाझप वाचतात अशा छोट्या, चित्रांच्या कादंबऱ्या असतात, त्यांना लाइट नॉव्हेल म्हणतात, हे मला तूच सांगितलंस. तिकडचे लेखक आधी एखाद्या साइटवर रोज एक प्रकरण टाकतात. वाचक खाली शिव्या देतात, ओव्या गातात, आणि गोष्ट गाजली की प्रकाशक छापायला येतो. तू ते सगळं कोपीत शिकलास. तडकलेल्या काचेचा मोबाइल, इंग्रजीतली भाषांतरं, अडलेला शब्द शोधायला दुसऱ्या खिडकीत डिक्शनरी. दिवसभर ऊस तोडायचा आणि मोळ्या बांधता बांधता पुढचं प्रकरण डोक्यात जुळवायचं. एकदा मुकादमानं तुला मोबाइलवर बघताना धरलं. "लेखक व्हायलाय का रे, भडव्या?" म्हणत उसाच्या दांड्यानं मारलं. भुवई तिथंच फुटली. मग मोबाइल धरणारी बोटं दगडावर ठेवायला लावून एकेक ठेचली. डाव्या हाताची करंगळी तुझी शेवटपर्यंत वाकत नव्हती. तिसऱ्या भागात सरदार काशिरोची बोटं मोडतो ते प्रकरण त्या मारातून आलंय. किती लोकांनी त्याखाली लिहिलं: 'बापरे, जपानी लोक किती क्रूर असतात!'

तुझी लिहायची रीतही मारझोडीचीच होती. मारामारी लिहायच्या आधी ती करून बघायची. पिंगळी स्टेशनच्या पलीकडच्या पडीक रानात आपण दोघं टिपऱ्या घेऊन उभे राहायचो. तू सांगायचास, "तू सरदार. आता डोक्यावर घाल." मी हात आखडता घ्यायचे. "जोरात! शिळं मारू नको!" आणि प्रत्येक झुंजीत एक फटका मुद्दाम अंगावर घ्यायचास. अडवायचा नाही, वळायचं नाही. "लागल्याबिगर लिवता येत न्हाई पत्रकबाई. मार कुठं उमटतो ते अंगाला इचारावं लागतं." माझ्याही कोपरावर तुझ्या टिपरीची गाठ आहे. स्टेशनमास्तर एकदा धावत आला होता, त्याला वाटलं नवरा-बायकोचं भांडण. तू म्हणालास, "न्हाई साहेब, हिचं राज्य घ्यायलोय." तो बिचारा तसाच उलट पावली गेला.

मला तेव्हा हसू यायचं. आता कळतं की तू मला केवढं दिलंस. माझ्या पत्रकांत मागण्या असायच्या, माणूस नसायचा. अन्याय असायचा, पण तो नेमका कुठल्या हाडाला लागला ते नसायचं. ते तू शिकवलंस. तुझ्या जिवंतपणी मी हे कबूल केलं नाही. नाकाचा प्रश्न होता. आता घे.

आणि आता आपलं ते भांडण. ते मी तू मेलास म्हणून सोडून देणार नाही.

पहिल्यांदा तू स्वतःच्या नावानं टाकलंस. गौतम खंदारे. तीच ट्रॉली, तोच काशिरो, तोच लोखंडी ऊस. खाली कॉमेंट आल्या. 'लेखकपण कोट्यातून का?' 'तुमच्या लोकांनी आत्मचरित्र लिहावं, तलवारी आम्हाला राहू द्या.' एकानं तर लिहिलं होतं, 'आधी आमच्या वावरात मजुरीला ये, मग राज्य घे.' तू त्या मला वाचून दाखवल्यास, आवाज न बदलता, भाजीचा भाव सांगावा तशा. मग महिनाभर गायब. आलास तो मोबाइल पुढं करून. तेच प्रकरण, काना-मात्रेचा फरक नाही, आणि वर लिहिलेलं: 'मूळ जपानी लेखक: हारू किमोतो. मराठी अनुवाद: गौतम खंदारे.' खाली नुसता बदामांचा पाऊस. 'काय कल्पनाशक्ती!' 'आपल्याकडं असं कुणी का लिहीत नाही?'

मी म्हटलं, हे उघडं पाड. आजच. मी पत्रक काढते. मी काढलंही. रात्रभर जागून नाही, तासाभरात. राग होता तो. 'तुम्हाला गोष्ट आवडते, गोष्ट सांगणाऱ्याची जात आवडत नाही.' तू ते वाचलंस, चार तुकडे केलेस आणि माझ्या घरच्या चुलीत घातलेस. माझ्या देखत. मी तुझ्या थोबाडीत मारली. तू तो फटकाही अडवला नाहीस. गाल चोळत म्हणालास:

"हां. आता कळलं सरदारणीचा हात कसा लागतो ते."

"हसू नको! नाव लपवून लढतात होय? नाव हीच लढाई आहे, गौतम."

"नाव टाकलं की लोक गोष्ट वाचत न्हाईत गं. आडनाव वाचतेत."

"मग वाचू दे! पाच वाचतील, पण तुला वाचतील."

"तुझं पत्रक कोण वाचतं? आपलीच माणसं. ज्यांना ठावं हाय तेच. माझी गोष्ट कोणाची पोरं वाचायलेत ते बघ. ज्यांच्या बापांनी माझी बोटं ठेचली त्यांची. काशिरो ज्याला कापतो ना, तो त्यांचाच बाप हाय. अन् ते टाळ्या वाजवायलेत! असलं तुला जमंल का?"

"हे भित्रेपण आहे," एवढंच म्हटलं. तू म्हणालास, "भित्रेपण म्हण न्हाईतर गनिमी कावा म्हण. पण बोलायचं न्हाई. शपथ घाल." मी शपथा घालत नाही, तुला ठाऊक होतं. तरी मी बोलले नाही. पाच पुस्तकं आली, चित्रं आली, मी बोलले नाही. पहिल्या भागाचं मुखपृष्ठ पाहून मात्र मी चिडले होते. काशिरोचे डोळे बशीएवढे, केस निळे, हातात कोयत्याच्या जागी बारीक तलवार. मी म्हटलं, "हा तुझा बाप? निळ्या केसांचा?" तू चित्राकडं प्रेमानं बघत म्हणालास, "निळाच हाय ना? मंग तुला अजून काय पायजे?"

असलं बोलून तू दर वेळी निसटायचास.

आता ऐक, तुझ्यामागं काय झालं ते. पुण्याहून संपादकांचा फोन आला. तू त्यांना माझा नंबर देऊन ठेवला होतास. बिचारे खरंच हळहळत होते. म्हणाले, "किमोतोसानना मी लगेच मेल टाकला. एवढी वर्षं ज्यानं त्यांना मराठीत आणलं त्याच्यासाठी त्यांच्याकडून एक ओळ नाही हो आली. जपानी माणसं शिष्टाचाराला पक्की म्हणतात, आणि हे?"

गौतम, मी हसले. तू मेल्यावर पहिल्यांदा हसले, आणि ते हसणं इतकं भयंकर होतं की पलीकडचा माणूस "ताई, ताई" करायला लागला. मग मी सांगून टाकलं.

"म्हणजे... मला येणारे ते मोडक्या इंग्रजीतले मेल?"

"त्याचेच. पूर्णेच्या मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानातून."

"मी दरवर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायचो."

"पोचल्या सगळ्या."

त्या दिवशी त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, आणि आवाज बदललेला होता. कालचा माणूस हळहळत होता, आजचा दुकानात बसला होता. "आम्ही विचार केला. सहावा भाग जाहीर झालेला आहे. आता हे बाहेर काढण्यात कुणाचंच भलं नाही, वाचकांना फसवल्यासारखं वाटेल. त्यांना लेखक जपानीच हवाय. आमच्याकडं एक मुलगा आहे, हुबेहूब तशीच शैली काढतो. लेखक किमोतोच राहतील, फक्त अनुवादक बदलला म्हणू. आणि पहिल्या पानावर अर्पणपत्रिका घालू, 'दिवंगत अनुवादकास'. कुटुंबाचा मान राहील."

मी तेव्हा तुझ्याच घरात होते. फोन स्पीकरवर टाकला आणि मायच्या पुढं धरला. तिला सगळं सोपं करून सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली:

"साहेब, नऊ महिने म्या त्या जपान्याला वागिवलं का?"

"मावशी, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण बघा, नावात काय असतं? नाव कुणाचंही असलं तरी गोष्ट तर—"

"कोणाचंबी चालतं?"

"तसं म्हणजे... हो."

"मंग तुमचं टाका."

"माझं? नाही, ते... तसं नाही चालणार मावशी."

"का वो?"

मायनं बोट लावून फोन बंद केला, मुंगी चिरडावी तसं.

मग ती मला म्हणाली, "तू पत्रकं लिवतीस ना? मंग लिव."

मी म्हटलं, "माय, त्यानं मला बोलू नको म्हटलं होतं."

"मेल्यानं सांगावं अन् जित्यानं ऐकावं, असं कोठं लिवलंय? त्याला भ्या होतं पोटात. ल्हानपणी बापाला मरताना बघितलं त्यानं. मला कायचं भ्या हाय आता? न्हवरा गेला, ल्योक गेला. आमचं आडनाव तेवढं राहिलंय, त्येच्या नावाच्या मागं लागलेलं. ते मी त्या पुण्याच्याला फुकट देऊ व्हय?"

तर मी लिहिलंय. तुझी गोष्ट फोडलीय. तू असतास तर पडीक रानात टिपरी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला असतास, आणि मीही तो फटका अडवला नसता. तुझं म्हणणं खोटं होतं असं मी आजही सिद्ध करू शकत नाही. हे छापून आलं की काही पोरं 'लाल फड' कपाटातून काढून फेकतील, हे मला दिसतंय. ज्यांनी काशिरोसाठी टाळ्या वाजवल्या ते आता मागं जाऊन त्याची जात शोधतील आणि टाळ्या परत घेतील. तू ज्या वाड्यात चोरवाटेनं शिरला होतास, तिथून मी तुला हात धरून दारात आणून उभा केलाय. ते दार तुझ्या तोंडावर आपटतील कदाचित. तू मला विचारशील, "मंग यातून मिळालं काय, पत्रकबाई?" मला एवढंच ठाऊक आहे की जित्या माणसाला स्वतःचं नाव लपवायचा हक्क असतो. दुसऱ्यानं ते मेल्यावर पुरायचा हक्क नसतो. तू लपवलंस तो कावा होता. ते लपवतायत तो खून आहे. या दोन्हीत फरक आहे, आणि हा फरक तुला पटवायला मला अजून एक संध्याकाळ हवी होती. तू मोटर चालू करायला गेलास.

तुझ्यावर माझं प्रेम होतं की काय, असं परवा मांडवात एकीनं मला विचारलं. मी म्हटलं, आमचं भांडण होतं. तिला ते कमी वाटलं. तुला वाटलं नसतं.

आता पुन्हा तुमच्याकडं वळते, वाचकहो.

सहावा भाग बाजारात येईल. किमोतोच्या नावानं येईल. तो विकत घेऊ नका, कुणी फुकट दिला तरी उघडू नका. त्यातला काशिरो कुणाचाही बाप नसेल. पण त्याहून आधी एक काम करा, हा मजकूर वाचून झाल्या झाल्या. घरात 'लाल फड'चा जो भाग असेल तो काढा. पेन घ्या. मुखपृष्ठावरचं आणि आतल्या पानावरचं हारू किमोतो हे नाव आडवी रेघ मारून खोडा. 'अनुवाद' हा शब्दही खोडा. गावच्या वाचनालयात पुस्तक असेल तर ग्रंथपालापुढं उभं राहा आणि लेखकाच्या रकान्यातली नोंद बदलून घ्या. तो नाही म्हणाला तर बदलेपर्यंत तिथून हलू नका. कुणी विचारलं, हे काय करताय, तर सांगा, दुरुस्ती करतोय. आणि खोडलेल्या नावाच्या वर, ठळक, वाचता येईल असं लिहा: गौतम काशिनाथ खंदारे.

नुसतं गौतम लिहून थांबू नका. आडनावासकट लिहा.